मधल्या खुंट्याची ओढ

धोंडप्पा गाठ मारायचा नाही.

शाळेचा शिपाई म्हटल्यावर दिवसभर गाठींचंच काम. पेपरांचे गठ्ठे बांधा, नकाशे गुंडाळून बांधा, विहिरीवर बादलीला दोर बांधा. तो सगळं करायचा. पण गाठीपाशी आला की सुतळीची दोन्ही टोकं समोरच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तेवढी गाठ मारा." नवा मास्तर असला तर हसायचा, जुना असला तर गुमान मारून द्यायचा. मी जुन्यातला. शिवाय मी आणि तो एकाच गावचे, कवठळीचे. शाळा अहमदपुरात, तिथून दोन कोसावर आमचं गाव. तो माझ्यापेक्षा वयानं थोर, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. मी शाळेत मराठी शिकवायचो म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा.

ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्याआधी कचेरीचं काही काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं. एष्टीत बसून कंबर मोडायची आणि साहेब दौऱ्यावर निघायचा. आता जिल्हा जवळ आला म्हणून जो तो खूश. आमचे हेडमास्तर अमृतराव तर स्वतःच कलेक्टर झाल्यासारखे फिरत होते. पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचं काम ड्रिल मास्तरांचं, पण ते जिल्ह्याचा सोहळा बघायला लातूरला गेलेले. अमृतरावांनी दोरी धोंडप्पाच्या हातात दिली.

"बांध झेंडा."

"सर, दुसऱ्या कोनाला सांगा."

"का रे? हाताला मेंदी लावलीय?"

पोरं फिदीफिदी हसली. धोंडप्पा खाली बघून म्हणाला, "गाठ मारायची हाय सर त्येला."

"मग काय डिंकानं चिकटवतात झेंडा?"

धोंडप्पा दोरी धरून उभाच. त्याचे हात असे कापत होते की वर खांबाची कप्पी खडखड वाजायला लागली. मी पुढं झालो, दोरी घेतली, गाठ मारली. अमृतराव मोठ्यानं म्हणाले, "जिल्हा नवा झाला, पण शिपाई आमचा निजामाच्या वक्ताचाच राहिला!" सगळे हसले. धोंडप्पा घंटेखालच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटायचं.

कवठळीत धोंडप्पाचा लाकडी घाणा होता. लिंगायत तेल्याचं घर. आज्यानं घाणा चालवला, बापानं चालवला, मग यानं. जमिनीत पुरलेली भलीमोठी उखळ, उखळीत मधोमध उभा लाकडी खुंटा, त्याला लाट म्हणायचं, लाटेला जोडलेलं आडवं लाकूड आणि त्या लाकडाला बैल. बैल गोल फिरला की लाट उखळीत करकरत फिरायची आणि खालच्या भोकातून करडीचं, जवसाचं तेल यायचं. तो करकर आवाज आणि पेंडीचा वास म्हणजे आमची गल्ली. घाणा बंद असला की म्हाताऱ्यांना दुपारची झोप लागायची नाही.

बैलाचं नाव बसव्या. लाल कंधारी, अंगावर तेल चोपडल्यासारखी तुकतुकी. वासरू असल्यापासून घरात वाढलेला. डोळ्यांवर झापड बांधायची, जू ठेवायचं आणि धोंडप्पानं तोंडानं नुसतं "बा, बा" म्हणायचं. बैलाला टोचायची पराणी कोपऱ्यात पडलेली असायची, तिच्या टोकाला कधी बैलाचं रक्त लागलं नाही. मानेला हिसका बसला की पुढं चालायचं, एवढी एकच शिकवण त्या जनावराला दिलेली. आणि फिरायचं ते एकाच अंगानं. पाणी पाजायला ओढ्यावर नेला तरी तो वाट सोडून एका बाजूला वळत जायचा.

गंगम्मा, त्याची बायको, फाटक्या तोंडाची. ती म्हणायची, "अवो, तुमच्या बैलाला काशीला न्या. त्यो काशीलाबी फेरा मारून पुन्ना घान्यापाशी यील."

"यील तर यील. इमानी हाय त्यो. मधला खुंटा सोडत न्हाई," धोंडप्पा म्हणायचा. त्याला त्याचा अभिमान होता.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आदल्या सालीही पाऊस धड झाला नव्हता, या साली तर आभाळानं तोंडच फिरवलं. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढायला लागली. घाण्यात टाकायला करडीचा दाणा नव्हता आणि बैलापुढं टाकायला कडब्याची काडी नव्हती. लोक हाळीच्या बाजारात जनावरं नेऊन सोडायचे. त्या साली तिथं कोण विकत घेत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. धोंडप्पाला कुणी तसं सुचवलं की तो छातीवरच्या लिंगाला हात लावायचा आणि उठून जायचा. बसव्या म्हणजे त्याच्या लेखी देवाचंच नाव, शिवाय पुढच्या पावसानंतर घाणा कुणाच्या मानेवर फिरणार? बैल पावसापर्यंत जगला तर घर जगेल, एवढा सरळ हिशेब होता. गंगम्मासुद्धा त्यावर काही बोलली नाही. ती आपल्या भाकरीतला तुकडा बैलाला चारायची आणि नवऱ्याला कळू द्यायची नाही.

अहमदपुराबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. धोंडप्पा बसव्याला घेऊन चालत निघाला. बैल सारखा एका अंगाला ओढायचा, हा त्याला वाटेवर आणायचा. दोन कोस चालायला त्यांना अर्धा दिवस लागला.

छावणीत बाकीच्यांची जनावरं आखूड दाव्यानं बांधलेली. धोंडप्पाच्या मनात माया आली. एवढी वर्षं हा एका लाकडाच्या मापात फिरला, आता दाणा नाही, पेंड नाही, निदान पाय तरी मोकळे होऊ द्यावेत. त्यानं दोन दावी जोडून लांब दोर केला. खुंटा ठोकला. घरी गोठ्यात बैल आखूड बांधलेला असायचा आणि घाण्यावर खुद्द लाकूडच फिरायचं. त्यामुळं लांब दोर कधी लागलाच नव्हता. शेतकऱ्याच्या घरी असते तशी भोवरकडी, दोराला पीळ बसू न देणारी, याच्या घरी नव्हती. बांधून झाल्यावर पाण्याच्या टँकरकडं गेला. तिथं मरणाची झुंबड.

इकडं बसव्यानं पुढ्यातल्या काड्या संपवल्या आणि त्याला जे येत होतं ते तो करायला लागला. खुंट्याभोवती फिरायला लागला. एक फेरा झाला की दोर खुंट्याला एक वेढा घ्यायचा आणि रिंगण तेवढं लहान व्हायचं. दुसरं जनावर असतं तर मानेला ताण बसल्यावर उलटं फिरलं असतं. याला शिकवण होती की हिसका बसला की पुढं चालायचं. तो पुढं चालला. असा चालत चालत खुंट्याला जाऊन भिडला आणि गळा आवळून तिथंच पडला.

धोंडप्पा पाणी घेऊन आला तोवर बैल मेला होता, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

दाव्याला बांधलेलं जनावर मेलं की धन्याला पाप लागतं, गळ्यात तेच दावं अडकवून पाच गावं भीक मागावी, असं म्हणणारे म्हातारे आमच्याकडं होते. धोंडप्पा मठातल्या अय्यांकडं गेला. अय्या म्हणाले, "आपल्यात ते नाही. विभूती लाव, कामाला लाग." गाव गप्प झालं. पण धोंडप्पा गप्प होईना. कुणी विचारो न विचारो, पारावर बसलं की सांगायचा, "त्येची ओढच मधी हुती बगा. रातध्याड खुंट्याभवती फिरलेलं जनावर. त्येला मधीच जायचं हुतं, त्येला कोन काय करनार?" लोक माना हलवायचे. जनावराचा स्वभाव, म्हणायचे.

पुढं पाऊस आला. सासऱ्यानं बैल देऊ केला, यानं घेतला नाही. उखळीत पाणी साचून शेवाळ धरलं, लाट चुलीत गेली. लातुरात तेलाच्या गिरण्या वाढत चालल्या होत्या, पोरगा तिकडं हमालीला लागला. कुणाच्या तरी ओळखीनं धोंडप्पाला शाळेत शिपाई म्हणून घेतलं. तेव्हापासून त्याचं गाठी मारणं सुटलं ते सुटलंच. मला वाटायचं, बैल दाव्याला मेला म्हणून दोरीचा धसका घेतला असावा. मी कधी खोदून विचारलं नाही.

जिल्हा झाल्यानंतरच्या दिवाळीत शाळेला विज्ञानाच्या नव्या बाई आल्या, तारामती बाई. नांदेडच्या. वडील रेल्वेत होते. बाई वयानं लहान, बोलणं शहरी, पण शिकवायची हौस दांडगी. नुसता नियम सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. हा शब्द कुठून आला, कुणी केला, तेही सांगायच्या. धोंडप्पाचं स्टूल त्यांच्या वर्गाच्या दाराशीच, त्यामुळं त्याचं सगळं शिक्षण फुकट होऊन राहिलं होतं.

एके दिवशी त्यांनी दोरीला दगड बांधून डोक्यावर गरागरा फिरवला. पुढच्या बाकावरची पोरं खाली वाकली. मग फळ्यावर लिहिलं, अभिकेंद्री बल.

"अभि म्हणजे कडे. केंद्राकडे नेणारं ते अभिकेंद्री. काही पुस्तकांत केंद्रगामी म्हणतात. मूळ शब्द न्यूटननं घडवला, तीनशे वर्षांपूर्वी, लॅटिन भाषेत. त्याच्याआधी एका डच पंडितानं केंद्रापासून पळणाऱ्या जोराला नाव दिलं होतं, त्याला जोड म्हणून न्यूटननं हे उलट नाव ठेवलं. दोन तुकडे जोडले. एक केंद्राचा, आणि दुसऱ्याचा अर्थ शोधणं, ओढ घेणं, मागणं. म्हणजे मधल्या जागेची ओढ घेणारं."

"बाई, आता सगळे लातूरला पळून राहिलेत, तसं?" मागून एक पोरगं म्हणालं. वर्ग खदखदला.

बाईसुद्धा हसल्या. "तसंच समज. आणि केंद्र हा शब्द आपला वाटतो ना? तो ग्रीकांकडून आला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता अणकुचीदार टोक. बैलाला टोचायच्या काठीचं टोक. वर्तुळ काढताना कंपासचं एक टोक मधे रुतवतात, म्हणून मग मधल्या बिंदूलाच ते नाव पडलं."

तास संपला. घंटा द्यायला धोंडप्पाला उशीर झाला. तो स्टुलावरून उठलाच नव्हता.

दुपारी चहा घेऊन माझ्याकडं आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दहा वर्षांत मी त्याला तसा पाहिला नव्हता.

"गुरुजी, ऐकलंव का? मधी जायची ओढच असती. त्येचं नावच हाय तसं. तीनशे वर्सामागं इंग्लंडच्या मानसानं लिहून ठिवलं. आन् ते मधलं म्हंजी पराणीचं टोक, बैल हाकायचं! त्यानलाबी ठाव हुतं."

"हाव अण्णा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी गंगम्माला सांगितलं, पारावर सांगितलं. गंगम्मा म्हणाली, "आता न्यूटन का फ्यूटन त्यानं सांगितलं तवा तुमाला पटलं. मी इतकी वर्सं सांगून राहिले, बैलाचं नशीब म्हनून, ते कामून पटलं न्हाई?" पण ती खूश होती. त्या दोन-तीन दिवसांत धोंडप्पा पोटभर जेवला, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

मग त्याला ते पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं. चांगली गोष्ट माणूस दोनदा ऐकतोच. मधल्या सुट्टीत बाई आणि मी वह्या तपासत बसलेलो, तो किटली घेऊन आला.

"बाई, ते त्या दिसाचं. मधी जायची ओढ. त्या दगडाला असती न्हव का ती?"

बाईंना त्याचं मागचं काहीच माहीत नव्हतं. विचारतोय याचंच त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही हो अण्णा. दगडाला कसली ओढ? ओढतो तो दोर. दोर त्याला मधे खेचत असतो म्हणून तो गोल फिरतो."

"पन नावात हाय ना, शोधतंय म्हनून."

"ती नाव ठेवायची रीत झाली. त्यानं दिशा सांगितली, जोर कुठल्या बाजूला आहे ती. दगड काही शोधत नाही. तुम्ही गोफण फिरवलीय का कधी?"

"फिरवलीय की. ज्वारीवर पाखरं हाकायला."

"मग गोफणीचा दोर सोडल्यावर दगड कुठं जातो? मधे, तुमच्याकडे येतो?"

"न्हाई. सरळ जातोय."

"तेच. सोडलं की सरळ जातं. गोल फिरतं ते बांधलेलं असेपर्यंतच."

मी बाईंकडं बघून नको अशी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. धोंडप्पानं किटली टेबलावर ठेवली.

"सोडलं तर सरळ जातंय," तो म्हणाला. "गोफन लई फिरवली बाई, पन असं ध्यानात आलं न्हाई."

आणि तिथंच उभ्या उभ्या त्यानं सांगितलं. माझ्याकडं बघून नाही, बाईंकडं बघूनही नाही, किटलीकडं बघून. बसव्याचं, छावणीचं, लांब दोराचं. आणि मग जे गावात कुणाला ठाऊक नव्हतं ते.

"मी आलो तवा मेला न्हवता त्यो. जीव हुता. डोळं फिरवून बगून राहिला हुता माझ्याकडं. मी गळ्याची गाठ सोडाय गेलो. छावनीतनं जनावरं चोरीला जातेत म्हनून मी निरगाठ मारली हुती, गळ्यापाशीबी आन् खुंट्यापाशीबी. कुनाला सुटू नये म्हनून पानी लावून आवळलेली. ती मलाच सुटंना. नखं गेली, दातानं वडली, न्हाई. इळा द्या रे, इळा द्या रे म्हनून बोंबललो. जवळ कुनीच न्हाई, समदी टँकरवर. खुंटा उपटाय गेलो तर त्यो मीच खोल ठोकलेला. मग त्यानं पाय ताणलं."

बाईंचा हात तोंडावर गेला होता.

"आन् मी दहा वर्सं त्येच्यावर ढकलून राहिलो. त्येला मधी जायचं हुतं, त्येला मधी जायचं हुतं. सोडला असता तर सरळ गेला असता त्यो."

"अण्णा," बाई म्हणाल्या, "बैल म्हणजे दगड नव्हे हो. त्याला सवय होती, त्याचा स्वभाव होता, तुम्ही जे म्हणत होता ते अगदीच काही..."

"नगा बाई." तो शांतपणे म्हणाला. "एक डाव सांगितलंव ते खरं ऱ्हाऊ द्या."

त्यानं कप भरले, आमच्यापुढं ठेवले आणि गेला. तो चहा कुणी प्यायलं नाही.

त्यानंतर पारावर धोंडप्पा बैलाचं नाव काढेनासा झाला. शाळेत यायचा, घंटा द्यायचा, पाणी भरायचा. गंगम्मा एकदा बाजारच्या दिवशी मला भेटली.

"गुरुजी, काय झालंय ह्यांला? माळ्यावरची जुनी दावी काढून बसतेत. सोडतेत आन् बांधतेत. मी म्हनलं, बैल न्हाई, म्हस न्हाई, कुनाला बांधून राहिलाव? तर म्हनले, हाताला याद हाय का बगतो."

तारामती बाईंनी तो धडा पुढं दुसऱ्या तुकडीला शिकवला तेव्हा दगड फिरवला, नियम सांगितला आणि शब्द कुठून आला ते सांगायचं टाळलं. मला म्हणाल्या, "सर, मला काही माहीत असतं तर मी वेगळं सांगितलं असतं."

"वेगळं काय सांगितलं असतं?" मी विचारलं.  

सव्वीस जानेवारीला थंडी कडक होती. ड्रिल मास्तर या खेपेला हजर होते. ते झेंडा घेऊन खांबापाशी गेले तर धोंडप्पा आधीच तिथं उभा. अंघोळ केलेला, कपाळाला विभूती, धुतलेली टोपी.

"द्या मास्तर. आज मी बांधतो."

अमृतराव काही बोलणार होते, मी त्यांच्या हाताला हात लावला. धोंडप्पानं झेंड्याची घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, गुंडाळी केली आणि दोरीचा फेरा घेऊन गाठ मारली. हात कापले नाहीत. कप्पी वाजली नाही. गुंडाळी वर गेली.

अमृतरावांनी दोरीला हलका झटका दिला. मागच्या साली गाठ अडकून त्यांना तीन-चारदा ओढावं लागलं होतं, म्हणून ते जोर लावायच्या तयारीत होते. पण गाठ पहिल्याच झटक्याला सुटली. झेंडा उघडला, पाकळ्या अमृतरावांच्या टकलावर पडल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वर बघत होते. धोंडप्पा अमृतरावांच्या हातातल्या दोरीकडं बघत होता.

कार्यक्रम आटोपल्यावर तारामती बाई मुद्दाम त्याच्याकडं गेल्या. मीही मागं होतो. बाईंना काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"अण्णा, किती छान बांधला होता झेंडा. एका झटक्यात सुटला."

"सुरगाठ हाय बाई. एक टोक वडलं की सुटती."

त्यानं दोरीचं उरलेलं टोक हातावर गुंडाळायला घेतलं. मग थांबला.

"ही मला तवाबी येत हुती," तो म्हणाला, आणि घंटा द्यायला निघून गेला.